करवत थांबल्यावर

वकिलांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं टेप ऐकून टाइप करायचं काम केलं. वकीलसाहेब गाडीत बसल्या बसल्या, कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून, कधी तर जेवता जेवता बोलायचे, आणि ते सगळं मी हेडफोन लावून कागदावर उतरवायची. तोंडात घास असतानाचं त्यांचं इंग्रजी मला त्यांच्या अशिलांपेक्षा चांगलं कळायचं. मग बोललेलं आपोआप टाइप करून देणारी सोय त्यांच्या फोनमध्येच आली. साहेबांनी मला समोर बसवून, चहा मागवून, अगदी आदराने घरी पाठवलं.

घर आमचं बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली रस्त्याला लागून ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याचं दुकान, त्याच्या शेजारी फर्निचरवाला. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे, ते माझ्या थोडंसं आधी निवृत्त झाले होते. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. दोघांनी दिवसभर घरात एकमेकांसमोर बसायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. वर्तमानपत्र वाचून संपलं की हे मला शब्दकोड्यातले शब्द विचारायचे आणि मी सांगितले की म्हणायचे, “बसत नाही.”

मुलीनेच एके दिवशी फोनवर एक जाहिरात पाठवली. पुण्यातलीच कंपनी, घरून काम, ‘आवाज ऐकून ओळखणे’ एवढंच लिहिलेलं.

“आई, हे तुझंच काम आहे,” ती म्हणाली.

“कुणाचे आवाज?”

“जंगलाचे.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण चेष्टा नव्हती. विषुववृत्ताजवळच्या एका देशातलं ते जंगल. देशाचं नाव कुणाला सांगायचं नाही असं आमच्या करारात होतं, ते मी इथेही पाळते. त्या जंगलात झाडांच्या शेंड्यांजवळ छोट्या डब्या बांधल्या होत्या. वर सौरऊर्जेची पट्टी, आत माइक. डबी दिवसभर ऐकायची आणि ऐकलेलं मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवायची. चोरून झाडं तोडणारे यंत्राची करवत वापरतात, आणि तिचा आवाज लांबवर जातो. कुठे करवत चालू आहे हे वेळेत कळलं, तर तिथलं वनखात्याचं पथक जाऊन ती थांबवू शकतं. कॉम्प्युटर हे आवाज आधी चाळायचा, पण तो फार गोंधळायचा. त्याला पाऊसही करवत वाटे, नावेचं इंजिनही करवत वाटे. म्हणून त्याने संशय घेतलेले तुकडे माणसांनी ऐकायचे आणि सांगायचं: करवत, गाडी, नाव, प्राणी, पाऊस, कळत नाही. मी ‘करवत’वर बोट ठेवलं की तिकडे पथकाला संदेश जाणार. तिथली दुपार म्हणजे आमची उशिराची सकाळ, त्यामुळे घरचं आवरून बसायला ते सोयीचंही होतं.

ह्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तू परदेशातलं जंगल राखणार. बाल्कनीतली तुळस कोण राखणार?”

पहिल्या आठवड्यात मला सगळीकडे करवत ऐकू यायची. तिथे एका जातीचा किडा आहे, तो दुपारी असा काही कर्कश ओरडतो की शपथेवर सांगावं, कुणीतरी झाड कापतंय. त्याचा आवाज एका पट्टीत चढतो आणि तिथेच राहतो. करवतीचं तसं नसतं. लाकडात शिरली की तिचा आवाज दबतो, बाहेर आली की मोकळा होतो. हे मला आमच्या टीम लीडने शिकवलं. ती चंद्रपूरकडची, माझ्या मुलीहून लहान, धायरीत चार मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहणारी. रोज सकाळी कॉलवर आमचे आदल्या दिवशीचे तुकडे तपासायची.

एकदा तिने मला थांबवलं. “मॅडम, हा तुकडा पुन्हा ऐका. इथे तुम्ही करवत लिहिलंय.”

मी ऐकला. नुसता वारा. मीच चक्रावले. तेवढ्यात खाली फर्निचरवाल्याने प्लायवूड कापायला घेतलं आणि तो आवाज कॉलवर तिलाही गेला.

“काकू,” ती म्हणाली, मॅडमची काकू तिथेच झाली, “तुम्ही बिबवेवाडीत छापा टाकायला लावता काय?”

दुसऱ्याच दिवशी कंपनीने मला कान पूर्ण झाकणारे हेडफोन पाठवले. ते लावले की खालचं दुकान, दाराची बेल आणि ह्यांचं शब्दकोडं, सगळंच बंद व्हायचं. मला ते आवडू लागलं. सकाळच्या तुकड्यांमध्ये माकडं एकमेकांना हाका मारायची. एका मोठ्या पक्ष्याच्या पंखांचा असा आवाज यायचा की कुणी सतरंजी झटकतंय. लहानपणी कोकणात मामाकडे धनेश उडताना ऐकला होता, तसाच. मी तो तुकडा दोनदा ऐकायची आणि ‘प्राणी’ लिहून पुढे जायची.

माणसंही ऐकू यायची. डबीखालून कुणी जाताना बोलायचं, एखादी बाई हसायची, पोराला रागवायची. भाषा कळत नव्हती, पण रागावणं कळायचं.

मग एका डबीवर मला तो माणूस भेटला. आधी पानांवर पावलं, मग कोरडा खोकला, मग घसा खाकरणं, मग करवतीची दोरी ओढल्याचा आवाज. पहिल्यांदा ती फुसकन बंद पडायची, माणूस काहीतरी पुटपुटायचा, पुन्हा दोरी ओढायचा आणि मग करवत सुरू. मी ‘करवत’ लिहिलं. काही दिवसांनी त्याच डबीवर पुन्हा तोच खोकला, तेच पुटपुटणं. मी पुन्हा ‘करवत’ लिहिलं. असं होत राहिलं. जास्त वेळ काम नसायचं त्याचं. एखादं झाड, मग शांतता, मग कुणाशी तरी दोन शब्द. एकदा तो काम संपल्यावर गुणगुणत होता. मला त्याची सवय झाली. खोकला ऐकला की मी मनात म्हणायची, आला.

आणि आला म्हटलं की पाठोपाठ दुसरा विचार यायचा. मी बोट ठेवलं की तिकडे पथक निघतं. पुढे काय?

मी टीम लीडला विचारलं. “पुढचं आपल्याकडे येत नाही, काकू,” ती म्हणाली. “आपलं काम संदेश गेला की संपतं.”

“मग त्यांनी कुणाला पकडलं की नाही, ते कुठे लिहिलेलं असतं?”

“असेल तिकडे. आपल्या स्क्रीनवर नाही.”

घरी जेवताना मी ह्यांना म्हटलं, “कधी कधी वाटतं, मी कुणाच्या तरी घरात डोकावतेय.”

“पहारा आहे तो. डोकावणं कसलं?”

“फरक काय दोन्हींत?”

हे भात कालवता कालवता थांबले. मग म्हणाले, “सांगून केला तर पहारा. न सांगता केलं तर डोकावणं. त्यांना सांगितलंय का?”

ते मला माहीत नव्हतं.

एका रविवारी मी टीम लीडला जेवायला बोलावलं. फ्लॅटवर ती बहुतेक वेळा मॅगीवरच राहते, असं तिच्या बोलण्यातून कळलं होतं. मटकीची उसळ, वरण-भात, काकडीची कोशिंबीर, असा साधाच बेत होता. तिने पोटभर खाल्लं. ह्यांनी तिला गणितातलं काहीतरी विचारलं आणि तिचं उत्तर बरोबर आल्यामुळे ते तिच्यावर खूश झाले. जेवण झाल्यावर मी पुन्हा त्या खोकणाऱ्या माणसाचा विषय काढला. मी म्हटलं, मला त्याची काळजी वाटते.

तिचा चेहरा बदलला. तिने हातातली वाटी खाली ठेवली.

“माझे बाबा वनरक्षक होते, काकू. सागवान तोडून राहिले म्हणून खबर आली, तर एकटेच गेले. बाकीचे दुसऱ्या बीटवर होते. तिथे किती माणसं आहेत, काय आहेत, कोणालाच माहीत नाही. त्यांनी बाबांना दांड्यांनी मारलं. खांदा मोडला. अजून हात वर जात नाही त्यांचा, आई शर्ट घालून देते.” तिने वाटी बोटाने दूर सारली. “तेव्हा अशी डबी झाडावर असती ना, तर बाबा एकटे नसते गेले. म्हणून मी या प्रोजेक्टवर आहे. दुसरीकडे पगार जास्त भेटत होता.”

मग मी म्हटलं, “तुझे बाबा बरोबर होते. पण हा माणूस चोर नसेल तर?”

“तर तो सांगेल ना तिथे.”

“कुणी विचारलं तर सांगेल.”

“ते मला नाही माहीत,” ती म्हणाली. “आपल्याला कोणी सांगतच नाही.”

जाताना तिने डब्यात उसळ नेली. भांडण झालं नव्हतं, पण दोघींनाही जरा लागलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी तो तुकडा आला. पावलं, खोकला, पुटपुटणं, करवत. मी ‘करवत’ लिहिलं आणि पुढच्या तुकड्याची वाट पाहिली. एकदा संशय आला की कॉम्प्युटर त्या डबीवरचे तुकडे एकापाठोपाठ एक पाठवतो. दुसऱ्या तुकड्यात करवत लाकडात खोल गेली होती, आवाज दबलेला. तिसऱ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. पोलीस वाजवतात तसली, कडक. मग पुष्कळ पावलं, पळत येणारी. ओरडा. करवत नुसतीच घुरघुरत होती, कुणीतरी ती हातातून टाकली असावी. खोकणाऱ्या माणसाचा आवाज मी ओळखला. तो किंचाळत होता, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मग जोराचा कडकडाट आणि धप्प असा आवाज, असा की माझे हात आपोआप कानांवर गेले. आणि मग काहीच नाही. किडेही नाहीत.

स्क्रीनवर प्रत्येक डबीचा एक हिरवा ठिपका असतो. त्या डबीचा ठिपका करडा झाला.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खाली ॲल्युमिनियमवाला कुणाशी तरी भावावरून वाद घालत होता, ते ऐकू येऊ लागलं. हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “काय गं, आज लवकर?”

त्या दिवशी आणि पुढच्या दिवसांत मी काम करत राहिले, कारण बाकीच्या डब्या चालू होत्या. पण जेवण जाईना. गोळी झाडल्याचा आवाज नव्हता तो, एवढं मला कळत होतं. वकिलांच्या टेप्समध्ये असली कितीतरी वर्णनं ऐकली होती, पण ती बोललेली होती. हे प्रत्यक्ष ऐकलं होतं. त्या माणसावर काही पडलं असेल का? शिट्टी वाजली म्हणून तो घाबरून झाडाखालून पळाला असेल का? आणि पथक तिथे आलं ते माझ्या बोटामुळे. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. करवतच होती ती. तरी मला ते पुरत नव्हतं.

टीम लीडने तो तुकडा ऐकला. दुसऱ्या दिवशी कॉलवर म्हणाली, “मी पण रात्री नाही झोपली, काकू. मला वाटून राहिलं, पथकातल्या कोणाला लागलं.”

आम्ही दोघी एकाच आवाजाला घाबरलो होतो, आणि दोघींच्या डोळ्यांसमोर वेगवेगळा माणूस होता.

ह्यांनी माझं ताट परत जाताना दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि समोर येऊन बसले. वर्गातल्या कच्च्या पोरांना पुढे बसवून समजावून सांगायचे, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“तू वकिलांकडे टाइप करायचीस. खटल्याचा निकाल काय लागला, ते साहेब तुला सांगायचे का?”

“नाही. पण मला हवा असला तर बघता यायचा. निकाल उघड असतो.”

“मग हा का नसावा?”

“कंपनी म्हणते, आपल्या कामात बसत नाही.”

“आपल्या कामात नसेल बसत. त्यांच्या कामात बसतं का, ते विचार. फार तर काय होईल, काम जाईल. एकदा गेलंय, घरी आलीस, मेली नाहीस.”

आमच्या घरात याला धीर देणं म्हणतात.

मी पत्र लिहिलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. त्यात तक्रार नव्हती. मी एवढंच विचारलं की, त्या दिवशी त्या जागी कुणाला इजा झाली का. आम्ही पाठवलेल्या संदेशांचं पुढे काय होतं, ते आम्हाला आणि तिथल्या लोकांनाही कळायला नको का. आणि झाडांवर कान लावलेला आहे हे खालून जाणाऱ्यांना माहीत आहे का. टीम लीडला दाखवलं. तिने शुद्धलेखन नीट केलं आणि खाली स्वतःचंही नाव घातलं.

“तुला वरचे बोलतील,” मी म्हटलं.

“बोलले आधीच. म्हणे, स्कोपमध्ये नाही.” ती म्हणाली, “पण मला पण माहीत करून घ्यायचं आहे. माझं कारण वेगळं आहे, तुमचं वेगळं आहे. पत्र एकच आहे.”

उत्तर यायला वेळ लागला. मग एका सकाळी निरोप आला की तिकडच्या बाई आमच्या सगळ्या टीमशी बोलणार आहेत, सगळ्यांनी ऑफिसात यावं. मी रिक्षाने गेले. काचेच्या त्या खोलीत आम्ही आठ-दहा जण होतो, बहुतेक विशीतली पोरं. मी टीम लीडच्या शेजारी बसले. तिने टेबलाखाली माझा हात धरला, का मी तिचा धरला, आता आठवत नाही.

पडद्यावर एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, डोक्याला रुमाल बांधलेला, मागे पत्र्याच्या छपरावर पावसाचा आवाज. त्या सावकाश, तोडून तोडून इंग्रजी बोलत होत्या. पथक आणि गावं यांच्यामध्ये समन्वय ठेवणं हे त्यांचं काम. त्यांनी सुरुवातच अशी केली, “कुणालाही लागलेलं नाही. हे आधी सांगते.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते थांबवलं नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. झाड कापून जवळजवळ झालं होतं. तेवढ्यात पथक शिट्टी वाजवत धावत आलं, आणि आलं ते नेमकं ज्या बाजूला झाड कललं होतं त्या बाजूने. तो माणूस ओरडत होता तो शब्द म्हणजे ‘मागे व्हा’. त्याने करवत टाकली आणि दोन्ही हात हलवत त्यांच्यावर ओरडत राहिला. पथक मागे पळालं, तोही बाजूला झाला, आणि झाड पडलं. पडताना वेलींनी शेजारच्या झाडाच्या फांद्या ओढून खाली आणल्या. आपली डबी त्यातल्याच एका फांदीवर होती.

“धूळ बसल्यावर त्याने पथकाला अर्धा तास झापलं,” बाई म्हणाल्या. “कललेल्या झाडाखाली धावत यायचं असतं का, म्हणून. पथकप्रमुखाने मान खाली घालून ऐकून घेतलं.”

काचेच्या खोलीत कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले.

तो चोर नव्हता. गावाला स्वतःच्या वापरासाठी ठरावीक झाडं तोडायची परवानगी होती. नदीवरचा नावांचा धक्का कुजला होता, तो नवा करायचा होता. वनखात्याचा माणूस आणि गावाची समिती यांनी मिळून झाडांवर रंगाने आकडे घातले होते. बुंध्यावर ते दिसत होते. फक्त गावाच्या वाट्याच्या जंगलाची हद्द मध्यंतरी बदलली होती आणि आमच्या नकाशावर अजून जुनीच होती. म्हणून ते झाड आमच्या दृष्टीने चोरीचं होतं. आधीच्या माझ्या संदेशांवरही पथक आलं होतं, पण दर वेळी उशिरा, आणि आकड्याचा बुंधा उचलून नेलेला असल्याने नुसतं ताजं खोड बघून परत गेलं होतं. त्यामुळे दोन्हीकडे संशय वाढत होता. गावकऱ्यांना वाटे, कुणीतरी आपली चहाडी करतंय.

“मग पडलेली डबी त्यांच्या हातात आली,” बाई म्हणाल्या. “त्यांनी विचारलं, हे काय आहे. आणि आम्हाला सांगावं लागलं. आम्ही ते सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. वरिष्ठांना वाटलं, सांगितलं तर चोरांनाही कळेल. गावातल्या बायका सगळ्यात जास्त रागावल्या. त्या डबीच्याच झाडाखाली बसून नवऱ्यांबद्दल बोलायच्या.”

गावात मोठी सभा झाली. ती तीन वेळा मोडली आणि पुन्हा भरली. शेवटी असं ठरलं की डब्या राहाव्यात, कारण नदीपलीकडून येणाऱ्या तोडीचा त्रास गावालाही होता. पण काही अटींवर. कुठल्या भागात ऐकलं जातं त्याचे फलक लावायचे. नकाशा नवा करून गावाच्या सभागृहात आणि इंटरनेटवर, दोन्हीकडे लावायचा. परवानगी मिळालेली झाडं त्यांच्या आकड्यांसकट त्यावर दाखवायची. प्रत्येक संदेशानंतर पथक गेलं की नाही आणि तिथे काय आढळलं, ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. आणि माणसांचं बोलणं कुणाच्याही कानावर जाण्याआधी पुसून टाकायचं.

“तुमचं पत्र आलं तेव्हा आमची सभा चालूच होती,” बाई म्हणाल्या. “मी ते तिथे वाचून दाखवलं. लोकांना वाटत होतं, ऐकणारं नुसतं यंत्र आहे. पलीकडे माणसं आहेत आणि त्यांनाही काळजी वाटते, हे कळल्यावर आरडाओरडा थोडा कमी झाला.”

माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, “तो खोकतो फार. तब्येत बरी आहे ना त्याची?”

बाई क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या. “सिगारेटी ओढतो. त्याची बायकोही हेच विचारते.”

टीम लीडने हात वर केला. नदीपलीकडच्या तोडीचं काय झालं, तिने विचारलं. खऱ्या चोरीचं.

बाईंनी सांगितलं की तिकडच्या डब्यांवरून एकाच वेळी बऱ्याच करवती चालू असल्याचं आपल्याच टीमने कळवलं होतं. त्यामुळे पथक कमी माणसांनिशी गेलं नाही, जास्त कुमक घेऊन गेलं. ट्रक जागच्या जागी सापडले. तोडणारे पळून न जाता बसून राहिले, कारण पळायला वावच नव्हता. मारामारी झाली नाही. “पथकातला एकही माणूस दवाखान्यात गेला नाही,” बाई म्हणाल्या.

टीम लीड उठून बाहेर गेली. काचेतून मला ती दिसत होती. फोन कानाला लावून ती बोलत होती, पाठमोरी. नंतर तिने सांगितलं की तिने बाबांना सगळं सांगितलं, आणि बाबांनी फक्त विचारलं, “किती माणसं नेली होती?” तिने सांगितल्यावर म्हणाले, “बरं केलं.”

घरी पोचले तेव्हा हे दारातच उभे होते. मी चपला काढता काढता म्हटलं, “जिवंत आहे. सगळे ठीक आहेत.”

“मग चेहरा असा का?”

“भूक लागलीये.”

ह्यांनी स्वतः गॅस पेटवून पिठलं केलं. गुठळ्या झाल्या होत्या. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुपारी अशी झोपले की मुलीचे दोन फोन येऊन गेले तरी कळलं नाही.

पुढच्या रविवारी टीम लीडला घेऊन आम्ही खडकवासल्याला गेलो. धरणाच्या कडेला गर्दी होती, भाजलेल्या कणसांचा धूर होता. ती कठड्यावर बसून कणीस खात होती आणि ह्यांना तिच्या गावाकडच्या जंगलाबद्दल सांगत होती; मोहाची फुलं, वाघाची भीती, वडिलांची सायकल. हे एकदाही मध्ये बोलले नाहीत, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते कारण तसं फारसं घडत नाही. मी पाण्याकडे बघत बसले होते. बऱ्याच दिवसांनी कानात काहीच वाजत नव्हतं.

कामाची स्क्रीन नंतर बदलली. माणसांचं बोलणं आता येत नाही. तिथे नुसती बारीकशी पोकळी ऐकू येते आणि पुढे पुन्हा किडे. मला सुरुवातीला ओकंबोकं वाटलं, पण त्या झाडाखाली बसणाऱ्या बायकांचा विचार केला की बरं वाटतं. नकाशावर जुन्या हद्दीच्या जागी नवी हद्द आली आहे, गावाची झाडं वेगळ्या रंगात दिसतात. आणि प्रत्येक संदेशासमोर निकाल असतो. काही वाचून वाईट वाटतं: पोचेपर्यंत माणसं निघून गेली होती, चार खोडं ताजी. काही वाचून छाती मोकळी होते: परवानगीची तोड, आकडे जुळले. कुणीही बघू शकतं, त्यामुळे हेही बघतात. सकाळी वर्तमानपत्राच्या आधी आता तेच उघडतात.

परवा त्यांनी चष्मा वर करून मला हाक मारली. “तुझा एक आलाय. काल दुपारचा.”

मी भाजी निवडत होते. “काय आहे?”

त्यांनी वाचून दाखवलं, जिथल्या तिथे मराठी करत. “करवत नव्हती. शाळेचा जनरेटर होता. झाडांना धक्का नाही. शिक्षकांनी पथकाला चहा दिला.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “चुकलीस.”

“हो,” मी म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं की मी मेथीची जुडी तशीच ठेवून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ती ओळ स्वतः वाचली.